टिलर्स ब्रूकची मोजणी

सोमवारी सकाळी व्हर्ना किटरेजने तिकिटाची खिडकी वर सरकवली तेव्हा एमेट पर्डी फलाटावर येऊन उभा होता. डोक्यावर कंपनीची टोपी, हातात मोजणीचं मुठीएवढं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक् करून आकडा पुढे सरकवणारं. तीस वर्षांपूर्वी हाच एमेट याच खोलीत, व्हर्नाच्या वडिलांच्या हाताखाली, तिच्या शेजारी बसून तारयंत्र शिकला होता. आता तो मुख्य कचेरीत कारकून होता आणि टिलर्स ब्रूकला माणसं किती चढतात ते मोजायला कंपनीने नेमकं त्यालाच धाडलं होतं.

“आत ये, कॉफी घे,” व्हर्ना म्हणाली.

“नको. उद्या लोक म्हणतील, पर्डीला कॉफी पाजून फितवला.”

“एका कॉफीत फितवायचा तू? भाव फारच उतरला की रे तुझा.”

एमेट हसला, पण आत आला नाही.

तसं ते स्टेशन लहानच. अठराशे एकोणनव्वद साली व्होरहीस घराण्याने आपल्या कुरणाची पट्टी कंपनीला फुकट दिली, ती दुधाचे कॅन रोज शहरात जावेत म्हणून. पुढे दुधापेक्षा माणसं जास्त जायला लागली. कुरणं गेली, घरं आली, आणि घरांतून रोज सकाळी नवरे न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांकडे निघाले. व्हर्नाचे वडील एसा किटरेज इथे सदतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. त्रेचाळीस साली, ऐन युद्धात, त्यांच्या हृदयाने दगा दिला आणि ते गेले. कंपनीला पुरुष मिळेना, म्हणून मुलीलाच खुर्चीवर बसवलं. तात्पुरतं. त्या तात्पुरत्याला आता सोळा वर्षं होत आली होती. व्हर्ना बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. स्टेशनच्या माडीवरच्या दोन खोल्यांत जन्मलेली आणि तिथेच राहणारी.

दोन वर्षांपूर्वी गावाजवळून मोठा रस्ता गेला आणि फलाट रिकामा होत गेला. सकाळी शहराकडे जाणारी एकच गाडी आता इथे थांबायची, सात अठ्ठेचाळीसची. तीही नको म्हणून कंपनीने राज्याच्या रेल्वे आयोगाकडे अर्ज केला. आयोगाने अट घातली: कामाचे पाच दिवस मोजा. या गाडीत दिवसाला सरासरी पन्नास माणसं चढली तर स्टेशन राहील. एकोणपन्नास झाली तर एक जूनपासून कुलूप.

सोमवारी छत्तीस चढली.

गाडी गेल्यावर औषधाच्या दुकानाचे मालक ऑरिन टीसडेल धापा टाकत आले. गावाने स्टेशन वाचवायला समिती केली होती, तिचे हे अध्यक्ष. गोल चेहरा, गोल पोट. आणि आवाज असा, की खोकल्याचं औषध कुणी नेलं ते समोरच्या न्हाव्यालाही कळावं.

“छत्तीस? अहो, सभेला तर तीनशे लोक होते! टाळ्या काय, घोषणा काय!”

“टाळ्यांना तिकीट लागत नाही, मिस्टर टीसडेल,” व्हर्ना म्हणाली.

“तुम्ही सरळ पन्नास लिहा की. तुमचंच स्टेशन, तुमचीच वही.”

“वही माझी आहे, म्हणूनच नाही लिहिणार.”

टीसडेल टोपी डोक्यावर दाबून म्हणाले, “ठीक आहे. मग माणसंच आणतो.”

आणि आणली त्यांनी. मंगळवारी चव्वेचाळीस झाली. बुधवारी न्हाव्याने दुकान बंद ठेवलं, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोन बायका रजा काढून आल्या, चर्चमध्ये गाणाऱ्यांची अख्खी टोळी तिकिटं काढून उभी राहिली. अठ्ठावन्न. मिसेस व्होरहीस, ज्यांच्या सासऱ्यांनी जमीन दिली होती त्या, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी काठी टेकत आल्या. नऊ वर्षांत त्या शहरात गेल्या नव्हत्या.

“तिथे करणार काय तुम्ही?” एमेटने विचारलं.

“हातमोजे बघीन. नाही आवडले तर उद्या परत जाईन,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी पासष्ट झाली. चार दिवसांचे मिळून दोनशे तीन. पाच दिवसांचे अडीचशे व्हायला हवे होते, म्हणजे शुक्रवारी सत्तेचाळीस पुरे. टीसडेल तर गुरुवारी संध्याकाळीच लोकांशी हात मिळवत फिरले.

शुक्रवारी पहाटेपासून पाऊस आणि बर्फ एकत्र पडू लागलं. फलाटाच्या फळ्यांवर काचेसारखा थर बसला. व्हर्नाने त्यावर दोन पोती राख पसरली. तरी माणसं आली. साडेसातला तिने खिडकीतून मोजली तेव्हा एकसष्ट होती. कॉलर वर करून, पाय आपटत, एकमेकांच्या छत्र्यांखाली घुसून उभी. एकसष्टाव्या, मिसेस व्होरहीस, आत शेगडीशी बसल्या होत्या.

सात अठ्ठेचाळीस झाले. गाडी नाही. आठ वाजले. सव्वाआठला फोन वाजला.

फोनवर मॅकनॅली होता, शहरातल्या कचेरीत बसून साऱ्या मार्गावरच्या गाड्या चालवणारा अधिकारी. त्याचा आवाज नेहमीच झोप न झाल्यासारखा असे.

“मिस किटरेज, लिहून घ्या. सात अठ्ठेचाळीस सदतीस मिनिटं उशिरा आहे. वर रूळ बदलायचे सांधे गोठलेत. वेळ भरून काढायला तिला हॅरोगेटपासून थेट सोडतोय. मधे कुठेही थांबणार नाही.”

व्हर्नाच्या हातातली पेन्सिल थांबली. “इथेही नाही?”

“कुठेही नाही म्हणजे कुठेही नाही.”

“मिस्टर मॅकनॅली, आज मोजणीचा शेवटचा दिवस आहे. माझ्या फलाटावर एकसष्ट माणसं उभी आहेत.”

“त्या गाडीत सहाशे बसलीत. त्यांनाही कामं आहेत. तुमच्या लोकांना बसने जायला सांगा.”

“एक मिनिट लागेल.”

“आज प्रत्येक स्टेशन मला हेच सांगतंय. हुकूम मिळाला का? तेवढं बोला.”

“मिळाला,” व्हर्ना म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला.

एमेट दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“गाडी थांबली नाही तर तू काय लिहिशील?” तिने विचारलं.

“चढतील तेवढी लिहीन.”

“म्हणजे शून्य.”

“व्हर्ना, मी काय करू? मला मोजायला पाठवलंय.”

दोनशे तीनला पाचाने भागायला तिला कागद लागला नाही. चाळीस आणि थोडे वर. एक जूनला कुलूप.

टेबलाशेजारी, खिडकीच्या कोनाड्यात, सिग्नलचा लोखंडी दांडा होता. तो ओढला की बाहेर खांबावरचा लाल हात आडवा व्हायचा आणि येणारी कुठलीही गाडी थांबायची. चालकाच्या हातात लेखी हुकूम द्यायचा असला, किंवा पुढे धोका असला, तरच तो ओढायचा. एसा किटरेज शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो दांडा दाखवून सांगायचे, हा ओढलास की शंभर जणांचा जीव तुझ्या हातात येतो, आणि उगाच ओढलास तर नोकरी जाते. एमेटने ते ऐकलं होतं. तिनेही.

आणि भीती नोकरीचीच नव्हती. रूळ ओले, बर्फाळ. भरधाव गाडीला लाल दिसला की चालक करकचून ब्रेक लावणार. मागून दहा मिनिटांवर एक्सप्रेस. तिच्या चालकाला काचेतून काही दिसलं नाही तर?

बाहेरून टीसडेल ओरडले, “मिस किटरेज! येतेय की नाही गाडी? आमचे पाय गळून पडायला आले!”

ती उठली आणि दारात गेली. सगळे चेहरे तिच्याकडे वळले. खरं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं: गाडी थांबणार नाही, घरी जा. न्हावी हात चोळत होता. स्वयंपाकघरातल्या बायकांपैकी एकीने पायातले बूट प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले होते. ही माणसं हौसेने शहरात निघालेली नव्हती. तीन दिवस स्वतःचा रोजगार बुडवून ती आली होती आणि आता कुणीतरी दूर बसून ठरवलं होतं की ती नव्हतीच.

“येतेय,” व्हर्ना म्हणाली. “कडेपासून मागे व्हा. सगळे भिंतीला टेकून उभे राहा. कुणीही पुढे यायचं नाही, मी सांगेपर्यंत.”

आत येऊन तिने फोन उचलला आणि तीन मैल मागच्या हॅरोगेटच्या सिग्नल केबिनला लावला. तिथे लू नावाचा जुना माणूस होता.

“लू, सात अठ्ठेचाळीस गेली?”

“आत्ताच गेली. जोरात आहे.”

“मागची एक्सप्रेस तिथेच धरून ठेव. मी सोड म्हणेपर्यंत हलवू नको.”

“का? हुकूम कुणाचा?”

“माझा. व्हर्ना किटरेज, टिलर्स ब्रूक. नाव लिही, वेळ लिही. आठ तेवीस.”

“धरली,” लू म्हणाला. “पण बाई, तू काय करतेयस ते मला सांगू नकोस.”

तिने दांड्यावर हात ठेवला. लोखंड इतकं गार होतं की तळवा चिकटला. एमेट तिच्या मागे आला.

“व्हर्ना, सोड. तुझं निवृत्तिवेतन जाईल. माडीवरचं घर जाईल.”

“स्टेशन गेलं तर ते काय राहणार आहे?”

“दुसरीकडे नेमतील तुला. मी शब्द टाकतो.”

“एमेट, बाहेर जा आणि तुझं काम कर.”

तिने दांडा ओढला. बाहेर खांबावर काहीतरी कुरकुरलं. बर्फाने तार धरून ठेवली होती. लाल हात अर्ध्यावर अडकला. ना उभा, ना आडवा. तिने दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून, पुन्हा ओढलं. बर्फाचा लगदा धप्पकन फलाटावर पडला आणि लाल हात आडवा झाला.

पुलापलीकडून शिट्टी ऐकू आली. एक लांब. मग लगेच दुसरी, तुटक, चिडलेली. चालकाने लाल पाहिला होता.

गाडी पुलावरून आली ती थांबण्यासारखी वाटतच नव्हती. चाकं धरली गेली होती, पण रूळ त्यांना धरत नव्हते. धातूवर धातू घासल्याचा तो आवाज व्हर्नाला दातांत जाणवला. इंजिन खिडकीसमोरून घसरत गेलं, मग पहिला डबा, दुसरा डबा. फलाटाच्या पुढे दोनशे पावलांवर रस्त्याचं फाटक होतं. ते खाली पाडायला आपण सांगितलंच नाही, हे तिला त्या क्षणी आठवलं. तिसरा डबा गेला. चौथा हळू गेला. पाचवा खिडकीसमोर येऊन थरथरत उभा राहिला. फाटकापासून इंजिन चाळीस पावलं अलीकडे थांबलं होतं.

“चढा!” व्हर्ना बाहेर येऊन ओरडली. “मागच्या दोन डब्यांतून! घाई नको, घसराल! आधी मिसेस व्होरहीसना द्या!”

माणसं चढली. न्हाव्याने मिसेस व्होरहीसना जवळजवळ उचलूनच वर घेतलं. एमेट दाराशी उभा होता. टक्. टक्. टक्. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण अंगठा थांबला नाही.

गार्ड धावत आला. “धोका काय आहे? हुकूम कुठाय?”

“धोका नाही. हुकूमही नाही,” व्हर्ना म्हणाली. “माणसं चढायची होती.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “बाई, डोकं फिरलंय का तुमचं? आत एक माणूस पडलाय. हात मोडलाय त्याचा.”

ती त्याच्यामागे डब्यात चढली. साठीचा एक गृहस्थ मधल्या वाटेत बसला होता, पाठ बाकाला टेकून. कोट अर्धवट अंगावर. उभा राहून तो कोट चढवत असताना ब्रेक लागला होता. उजवं मनगट नको तिथे वाकलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता आपल्या हाताकडे बघत होता. व्हर्नाने आपला रुमाल आणि रेघा आखायची फूटपट्टी घेऊन हात बांधला.

“नाव काय आपलं?”

“क्रोथर्स. वेंडेल क्रोथर्स. मी हिशेबनीस आहे,” तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, “उजव्या हाताने लिहितो.”

चार मिनिटांनी गाडी सुटली. व्हर्नाने लूला फोन करून एक्सप्रेस सोडायला सांगितली, मग स्वतःच मॅकनॅलीला फोन लावून जे केलं ते सांगितलं. तो ओरडला नाही. “दुपारपर्यंत तुमच्या जागी माणूस येईल,” एवढंच म्हणाला.

एमेट टोपी काढून बाकावर बसला होता. यंत्रावर एकसष्ट होते.

“हे लिहिणार आहेस?” तिने विचारलं.

“चढली ती लिहायची. गाडी का थांबली, हा रकाना माझ्या कागदात नाही.” मग त्याने आवाज उतरवला. “ऐक. आज फोनच्या तारांवर बर्फ आहे. मॅकनॅली काय बोलला ते तुला नीट ऐकू आलं नसेल. गाडीला इथे हुकूम द्यायचाय, असं तुला वाटलं असेल. असं होतं. मी इथेच होतो, मला विचारलं तर मीही तसं सांगेन.”

व्हर्नाने तिकिटाची खिडकी खाली सरकवली.

रविवारी ती क्रोथर्सना बघायला दवाखान्यात गेली. संत्री नेली होती. एका हाताने ती सोलता येणार नाहीत हे तिथे गेल्यावर लक्षात आलं, मग तिनेच सोलून फोडी बशीत ठेवल्या. आपण कोण ते तिने सांगितलं.

क्रोथर्स म्हणाले, “माझ्या गावचं स्टेशन गेल्या वर्षी बंद झालं. म्हणून मी सहा मैल गाडी हाकून दुसऱ्या स्टेशनवर येतो. तेव्हा तुम्ही हे का केलंत ते मला कळतं, मिस किटरेज.”

“मला फार वाईट वाटतं.”

“वाटणारच. पण हात माझा मोडला. कुणी मला विचारलं नव्हतं.”

त्यांनी संत्र्याची एकही फोड घेतली नाही.

सुनावणी तीन आठवड्यांनी जिल्हा कचेरीत झाली. अर्धं गाव मागच्या बाकांवर होतं. आयोगाचे अधिकारी डनलीव्ही, वाळक्या अंगाचे, चष्मा कपाळावर ढकलून ऐकणारे. कंपनीच्या वकिलाने आधी चर्चच्या गाणाऱ्यांचा विषय काढला: ही खरी प्रवासी मंडळी नव्हेत, नाटक आहे.

“तिकीट काढलं होतं?” डनलीव्हींनी विचारलं.

“काढलं होतं, पण...”

“मग प्रवासी. पुढे.”

व्हर्नाला बोलावलं. एमेट पहिल्या बाकावर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित खाली केली. अजून वेळ आहे, तारांवर बर्फ होतं म्हण, असा त्याचा अर्थ होता.

“शुक्रवारी गाडी थांबवू नये असा हुकूम तुम्हाला मिळाला होता?” वकिलाने विचारलं.

“हो.”

“नीट ऐकू आला होता?”

“स्वच्छ. मी ‘मिळाला’ असं उत्तरही दिलं.”

“तरी तुम्ही सिग्नल टाकलात. धोका होता?”

“नव्हता. धोका मीच केला. फाटक पाडायचंही विसरले. गाडीतल्या एका गृहस्थांचं मनगट मोडलं. मिस्टर वेंडेल क्रोथर्स. हे कागदावर यावं, अशी माझी विनंती आहे.”

मागे टीसडेलनी इतक्या मोठ्याने उसासा टाकला की डनलीव्हींनी वर पाहिलं.

वकील खुशीत आला. “साहेब, बाईंनी स्वतःच कबूल केलं. शुक्रवारचा थांबा बेकायदा होता. तो दिवस मोजणीतून पूर्णपणे वगळावा, एवढीच कंपनीची मागणी.”

“पूर्णपणे?”

“पूर्णपणे, साहेब. जणू तो दिवस उगवलाच नाही.”

“मान्य,” डनलीव्ही म्हणाले. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. खोलीत त्यांच्या पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. “मग उरले चार दिवस. छत्तीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न, पासष्ट. दोनशे तीन भागिले चार.” त्यांनी पेन्सिल ठेवली. “पन्नास पूर्णांक तीन चतुर्थांश. अट पन्नासची होती. अर्ज फेटाळला.”

वकील उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. तोवर मागच्या बाकांवर टोप्या उडायला लागल्या होत्या. मिसेस व्होरहीस काठी जमिनीवर आपटत होत्या. एमेट तोंडावर हात धरून बसला होता; हसत होता की काय ते व्हर्नाला दिसलं नाही.

व्हर्नाला कंपनीने त्याच महिन्यात कामावरून काढलं. लूला ताकीद मिळाली. गाडी थांबत राहिली, पण कायमचा नवा माणूस कुणी नेमला नाही. तिकिटाच्या खिडकीवर फळी ठोकली आणि तिकिटं गाडीतच मिळू लागली. व्हर्ना टीसडेलच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. पुढे तिला शहराच्या अलीकडच्या गावात, टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली. रोज सकाळी सात अठ्ठेचाळीसला ती इतरांसारखी फलाटावर उभी राहायची.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जात नसे. तिने दांडा ओढला नसता, गाडी न थांबता गेली असती, तर डनलीव्हींनी तो दिवस तसाही वगळला असता का? का शून्य धरलं असतं? एकदा ती टीसडेलना हे बोलली.

“अहो, तुम्ही गाव वाचवलंत! असलं काय डोक्यात घेता?” ते म्हणाले.

“मला खरंच माहीत नाही, मिस्टर टीसडेल. तुम्हालाही नाही.”

स्टेशनला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा समितीने त्याचा इतिहास छापायचं ठरवलं. टीसडेलनी लिहिलेली पानं तिला वाचायला आणून दिली. दुधाचे कॅन होते, एसा किटरेज होते, युद्धावर गेलेली मुलं होती. शुक्रवारच्या सकाळीला चांगली दोन पानं दिली होती. त्यात गाडी अलगद थांबत होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

“टाळ्या कुणीही वाजवल्या नाहीत,” व्हर्ना म्हणाली. “आणि एका माणसाचा हात मोडला. ते घाला.”

“सणासुदीच्या पुस्तकात?”

“त्यातच.”

टीसडेल कुरकुरले, पण ओळ घातली. छापून आली तेव्हा क्रोथर्सचं नाव ‘क्रॉदर’ असं पडलं होतं. प्रती दोनशे होत्या. व्हर्नाने त्या सगळ्या आपल्या खोलीत आणवल्या आणि शनिवार, रविवार बसून प्रत्येकीत ते नाव पेनाने खोडून वर नीट लिहिलं.